रोजची नव्वद मिनिटं

मंगळवार, ११ फेब्रुवारी
दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं

ती. मामा,

नमस्कार. दादाच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडतोय आणि मध्ये मध्ये हे लिहितोय. एक बोट सरळ धरायचं, वीस आकडे मोजायचे, सोडायचं, मग एक ओळ लिहायची. करंगळी सगळ्यांत हट्टी आहे. अक्षर कुठे हललं असेल तर समजून घ्या. शुद्धलेखन मात्र तपासलं आहे.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी नीट झालं, हे आईकडून कळलं. आठ दिवस लिहिणं-वाचणं बंद आहे म्हणे. तेव्हा हे पाकीट आधी पोहोचलं तरी आठ दिवस भरल्यावरच उघडा. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.

मुद्दा असा आहे. दादाला ज्या अभ्यासात घेतलंय त्याचा माहितीचा कागद मी तीनदा वाचला. मेंदूला मार लागलेल्या बारा रुग्णांचे दोन गट केलेत. एका गटाला रोज अर्धा तास हाताचा आणि बोलण्याचा सराव, दुसऱ्याला रोज नव्वद मिनिटं. रविवार सोडून बारा आठवडे. शेवटी दोघांची परीक्षा, म्हणजे जास्त सरावाने जास्त फरक पडतो का ते कळेल. गट चिठ्ठ्या टाकून ठरले आणि दादा नव्वद मिनिटांच्या गटात आला. लिफ्टच्या खड्ड्यात दोन मजले खाली पडल्यापासून नशिबाने त्याच्यासाठी केलेलं हे पहिलं चांगलं काम, असं तुम्हीच म्हणाला होतात.

आता माझी वही. हॉलमधलं घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे, म्हणून मी माझ्या मनगटावरचं धरतो. थेरपिस्ट दादासमोर बसला की वेळ लिहितो, उठला की लिहितो. मध्ये त्याला कोणी हाक मारली तर तेवढी मिनिटं वजा. पाच आठवड्यांचे तीस दिवस झाले. दोन हजार सातशे मिनिटं व्हायला हवी होती. झाली सहाशे बारा. सात दिवस तो आलाच नाही.

माणूस वाईट नाही. तिघांच्या जागेवर एकटा आहे. काल मी म्हटलं, "सर, आज अकराच मिनिटं झाली." तो म्हणाला, "मुन्शी, तुझ्याकडे घड्याळ आहे, माझ्याकडे अठरा माणसं आहेत. बदलायचं का?" दादाने लहानपणी ठेवलेलं हे नाव इथेही सगळ्यांनी उचललंय.

पण शनिवारी तोच माणूस आठवड्याचा तक्ता घेऊन बसतो. सहा दिवस, सहा चौकटी, प्रत्येकीत ९०. मग दादाला विचारतो, "काय साहेब, आठवडाभर सराव झाला ना?" दादा म्हणतो, "बरोबर." मामा, दादाकडे आता हा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी बरोबर, अंथरूण ओलं झालं तरी बरोबर. मी त्याला मुद्दाम विचारलं, "दादा, तू हत्ती आहेस का?" म्हणाला, "बरोबर." आणि तक्त्यावर लिहिलं जातं, 'रुग्णाला विचारून खात्री केली.'

तक्त्याच्या खाली नातेवाइकाची सही लागते, असं माहितीच्या कागदात आहे; तो भाग लिहिताना त्याच्या मनगटाखाली झाकलेला असतो. मी रोज इथेच आहे, पण माझ्याकडे अजून कोणी सही मागितलेली नाही. विसरले असतील. मागितली तर मी करणार नाही. अभ्यासाच्या मोठ्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे वही घेऊन जाऊ का? तुमच्या शब्दाशिवाय जाणार नाही.

पुस्तक-बाइंडिंगच्या मालकाने मार्चअखेरपर्यंत माझी जागा धरून ठेवतो म्हटलंय.

तुमचा,
मुन्शी


१८ फेब्रुवारी

चि. मुन्शी,

आशीर्वाद. तुझं पत्र नव्या डोळ्याने वाचलं. अक्षर स्वच्छ दिसलं, अक्कल दिसली नाही.

धर्माची गाय आणि दात का नाय, असं झालंय तुझं. त्या केंद्रात पलंग मिळावा म्हणून लोक वर्षभर रांगेत असतात. मी माझ्या जुन्या साहेबांचे पाय धरले तेव्हा तुझ्या भावाला जागा मिळाली. मॅडमनी मला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः उठून दारापर्यंत आल्या. आणि तू तिथे मनगटावरचं घड्याळ लावून त्यांच्या माणसाची मिनिटं मोजतोस. उद्या त्यांनी म्हटलं, घेऊन जा तुमचा पेशंट, तर कुठे नेणार? बाइंडिंगच्या दुकानात टेबलाखाली ठेवणार?

थेरपी म्हणजे दुधाचं माप नव्हे. अनुभवी माणूस अकरा मिनिटांत जे करतो ते तुला नव्वद मिनिटांत कळणार नाही. सहीची काळजी तू करू नकोस. ती कार्यालयीन बाब आहे आणि ती मार्गी लागलेली आहे.

वही बंद कर. मॅडमकडे जायचं नाही. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, तिचा रक्तदाब आधीच चढलेला असतो. भावाच्या हाताला तेल लाव आणि गप्प राहा. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.

तुझा,
मामा


बुधवार, २ एप्रिल

ती. मामा,

तुम्ही सांगितलंत तसा मी गप्प राहिलो. सहा आठवडे. वही मात्र बंद केली नाही.

सोमवारी दादाची परीक्षा झाली. परीक्षा घेणाऱ्या बाई दुसऱ्या इमारतीतून येतात. कोणाला किती सराव मिळाला हे त्यांना माहीत असू नये असा नियम आहे, म्हणजे त्यांचं माप कुणीकडे झुकायला नको. आत आल्या आल्या म्हणाल्या, "मला काही सांगू नका हं." मी दातांखाली जीभ धरली. खरंच धरली, संध्याकाळपर्यंत दुखत होती.

टेबलावर लाकडी पाटी होती, नऊ भोकांची. नऊ खुंट्या वाटीतून उचलून भोकांत बसवायच्या. दादाने एक बसवली. दुसरी बोटांत आली आणि पडली. तो माणूस मामा, अंधारात लिफ्टच्या टपावर उभा राहून तारा जोडायचा. खुंटी टेबलाखाली गेली, तो वाकून शोधायला लागला आणि बाईंनी घड्याळ थांबवलं. मग चित्रं. चमचा, किल्ली, खुर्ची. सगळ्यांना "बरोबर". सुरुवातीला साठपैकी अकरा गुण होते, आता चौदा. सहा गुण वाढले असते तर मुक्काम वाढला असता. तीनच वाढले.

काल कागद हातात दिला. तीस एप्रिलपर्यंत पलंग रिकामा करायचा. आणि खाली एक ओळ: 'रोज नव्वद मिनिटं सराव देऊनही लक्षणीय सुधारणा नाही. पुढील सरावाने फरक पडण्याची शक्यता कमी.' ही ओळ दादाच्या फाइलबरोबर जन्मभर फिरणार. पुढच्या प्रत्येक दारात ती आधी वाचतील आणि मग दार लावतील. दादा एकतीस वर्षांचा आहे.

मी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. उभाच होतो, मला खुर्ची दिली नाही. म्हटलं, नव्वद मिनिटं कुठे मिळाली, ही पाहा एकूण एक हजार तीनशे पंच्याऐंशी, बारा आठवड्यांची. हवी होती सहा हजार चारशे ऐंशी. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुझी वही म्हणजे पुरावा नाही. पुरावा हा." आणि कपाटातून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "दर आठवड्याला तुमच्याच घरच्या जबाबदार माणसाने सही केली आहे. तेव्हा का नाही बोललात?"

बारा तक्ते. बारा सह्या. शेवटच्या अक्षरावरून मागे वळलेली शेपटी आणि खाली दोन टिंबं. ती सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आहे, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आहे.

मामा, तुम्ही सहा जानेवारीला दादाला पोहोचवून सात तारखेला घरी गेलात. त्यानंतर एकदाही आला नाहीत. मग बारा शनिवारी सही कोणी केली?

मुन्शी


७ एप्रिल

चि. मुन्शी,

पत्रातला सूर आवडला नाही. वडीलधाऱ्या माणसाला असं उलटतपासणीला उभं करायचं नसतं.

सही माझी आहे. पेशंटचा नातेवाईक म्हणून ती करण्याचा अधिकार मला आहे आणि मी तो वापरला. मधून मधून मी येऊन जात होतो. सकाळच्या गाडीने यायचं, कार्यालयातलं काम उरकायचं आणि दुपारच्या गाडीने परतायचं. वॉर्डात डोकावलो तेव्हा तू झोपलेला होतास. दमलेला पोरगा, उठवला नाही.

सुधारणा होणं न होणं आपल्या हातात नसतं. मॅडमनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही. तीसच्या आत सामान बांध. मी जुन्या साहेबांशी बोलून दुसरी कुठे सोय होते का बघतो.

मामा


शुक्रवार, ११ एप्रिल

मामा,

आज नमस्कार लिहीत नाही.

पाचवा तक्ता तीन ते आठ फेब्रुवारीचा. सहीखाली तारीख आठ. चार फेब्रुवारीला तुमचा डोळा कापला. आठला तुमच्या डोळ्यावर टोपण होतं आणि आई तुम्हाला हात धरून मोरीपर्यंत नेत होती. त्या दिवशी तुम्ही सकाळच्या गाडीने आलात, सही केलीत आणि मला झोपलेला पाहून गेलात. एका डोळ्याने.

ही झाली तारखेची गोष्ट. आता कागदाची ऐका. सहा वर्षं मी बाइंडिंगला छापील पानांचे फर्मे जुळवतोय. मी वाचायच्या आधी कागद माझ्या बोटांना कळतो. मॅडमना फोन आला तेव्हा मी तक्ते खिडकीकडे तिरपे धरून पाहिले. पहिला तक्ता सपाट आहे. दुसऱ्यावर पहिल्या सहीचा वळ आहे, तुमच्या त्या शेपटीचा, सहीच्या जरा वर. तिसऱ्यावर दुसऱ्याचा. बाराव्यावर अकराव्याचा. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकावर एक ठेवून, जोर देऊन केलेल्या सह्या आहेत. वरच्या चौकटी तेव्हा कोऱ्या होत्या. तारखा नंतर थेरपिस्टच्या अक्षरात पडल्यात.

मी दहा वर्षांचा असताना तुम्ही मला तुमच्या कचेरीत नेलं होतंत. एका बाईला समोर बसवून तुम्ही सांगत होतात, "कोऱ्या कागदावर सही करणं म्हणजे चोराला घराची किल्ली देऊन वर पत्ता समजावून सांगणं." ती बाई रडत होती. तुम्ही मला बाहेर आल्यावर म्हणालात, लक्षात ठेव. मी ठेवलं.

तुमच्या त्या बारा सह्यांमुळे दादाची पाच हजार पंच्याण्णव मिनिटं गेली. ती त्याच्या हाताची होती, त्याच्या जिभेची होती. आणि वर असं लिहून ठेवलंय की ती त्याला दिली आणि हा माणूसच कुचकामी निघाला.

इथे एक समिती आहे, अभ्यास नीतीने चाललाय का ते पाहणारी. माहितीच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात तिचा पत्ता होता. मी तक्रार दिली आहे. बैठक २५ एप्रिलला सकाळी अकराला आहे. माझी वही ते ठेवून घेणार नाहीत, जोवर सही करणारा स्वतः येऊन सांगत नाही.

मला एकच कळत नाही. दादाला दाखल केलंत त्याच दिवशी संध्याकाळी मी पोहोचणार होतो. रोज इथे राहणार होतो. माझी सही का नाही घेतली?

मुन्शी


१९ एप्रिल

मुन्शी,

पाच दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. तुझ्या आईने विचारलं, खिशात काय आहे, म्हटलं विजेचं बिल.

खोटं लिहिलं. गाडी नाही, वॉर्ड नाही. मी आलो नव्हतो.

झालं ते असं. दादाला दाखल करून मी कार्यालयात बसलो होतो. तिथल्या नोंदणीवाल्याने बारा तक्ते पुढे ठेवले. म्हणाला, दर शनिवारी नातेवाइकाची सही लागते, तुम्ही लांब राहता, आताच करून ठेवा म्हणजे खेप वाचेल. मी म्हटलं, माझा भाचा संध्याकाळी येतोय, तो राहणार आहे. तो म्हणाला, शिकलेला आहे का?

मी म्हटलं, "नववी नापास आहे. त्याच्या सहीला काय अर्थ, आणा इकडे."

हे मी बोललो. तू शाळा सोडलीस, नापास झाला नाहीस, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून तेच निघालं. समोर मॅडम होत्या, चहा होता, मला 'साहेब' म्हणत होते. तू शर्टाला डिंक लागलेला असा तिथे येशील आणि माझा भाचा म्हणून उभा राहशील, याची लाज वाटली. लिहायला चार ओळी लागल्या. गिळायला अजून जमलेलं नाही.

२४ ला संध्याकाळी येतो.

मामा


मंगळवार, २२ एप्रिल

मामा,

मी नापास नाही. मी शाळा सोडली. वडील गेले त्या वर्षी, सहामाही परीक्षेनंतर, वर्गात चौथा नंबर असताना. दादा म्हणाला होता तू शिक, मी एकटा कमावतो. मी ऐकलं नाही. हे तुम्ही शेजारच्या खोलीतून ऐकत होतात.

बाकी जे लिहावंसं वाटतंय ते लिहीत नाही, कारण २५ ला तुमची गरज आहे. नवा चष्मा आणा. तक्ते खिडकीकडे तिरपे धरायचे, सरळ धरले तर वळ दिसत नाहीत.

मुन्शी


३० एप्रिल

चि. मुन्शी,

स्टेशनवर तू एक शब्द बोलला नाहीस. माझी पिशवी मात्र डब्यापर्यंत आणून दिलीस. असो. आत काय झालं ते तुला बाहेर बसल्यामुळे कळलं नसेल, म्हणून लिहितो. तुझ्या वहीत असायला हवं.

पाच माणसं होती आणि मॅडम. मी तक्ते मागितले आणि एकेक खिडकीशी नेऊन दाखवले. एक म्हातारे वकील होते, त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि चष्मा काढला. मॅडम म्हणाल्या, "आपण शिकलेले आहात. सही करताना चौकटी कोऱ्या आहेत हे आपल्याला दिसत होतं?"

मी म्हटलं, "दिसत होतं."

"मग का केलीत?"

"मॅडम, निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. सात वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यापुढे कागद ठेवून सही मागितली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग त्या म्हणाल्या, रुग्णाला दर आठवड्याला विचारून खात्री केलेली आहे, हे विसरू नका. म्हणून दादाला आत आणायला सांगितलं. खुर्ची ढकलणाऱ्या मावशींनी त्याला टेबलाशी आणला. मॅडमनी विचारलं, "तुम्हाला रोज नव्वद मिनिटं सराव मिळाला ना?" दादा म्हणाला, "बरोबर." मॅडमनी वकिलांकडे पाहिलं.

मला तुझं ते पहिलं पत्र आठवलं. मी म्हटलं, मला एक प्रश्न विचारू द्या. जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तुला बारा आठवड्यांत एक मिनिटसुद्धा सराव मिळाला नाही ना?"

"बरोबर," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला.

वकिलांनी तुझी वही मागवून घेतली.

मुन्शी, तो हसला ते मला पाहून, प्रश्नामुळे नाही, हे मला कळतं. पण मी काही त्या हसण्याच्या लायक उरलेलो नाही. तू मला माफ कर असं लिहीत नाही. तुझ्या वडिलांच्या जागी होतो मी.

मामा


शनिवार, १४ जून
संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं

ती. मामा,

नमस्कार. दादा समोर बसून डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा उघडतोय. आता तो स्वतः मोजतो, म्हणजे मनात मोजतो, ओठ हलतात. त्यामुळे मला लिहायला दोन्ही हात मोकळे आहेत.

समितीचा निकाल तुम्हाला पोस्टाने गेलाच असेल. नऊ नंबरच्या पलंगाचे बाराही तक्ते अभ्यासातून बाद. 'फरक पडण्याची शक्यता कमी' ही ओळ रद्द, त्यावर तिरपी रेघ मारून शिक्का. राहिलेला सराव ५ मेपासून द्यावा. हे झालं चांगलं.

आता वाईट ऐका. मॅडम जागेवर आहेत. थेरपिस्टला काढलं. कारण लिहिलंय 'हलगर्जीपणा'. दोन रिकाम्या जागा अडीच वर्षं कोणी भरल्या नाहीत, त्याला काय म्हणायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. तो पिशवी न्यायला आला तेव्हा माझ्यापाशी थांबला. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाला, "मुन्शी, तुझ्याकडे अजून घड्याळ आहे. माझ्याकडे आता एकही माणूस नाही." त्याने खोट्या चौकटी भरल्या, हे खरं आहे. आजारी बायकोसाठी सुट्टी मागितली तर मॅडमनी त्याला दिली नाही, हेही खरं आहे. माझ्या तक्रारीत त्याचं नाव पहिलं होतं आणि मॅडमचं तिसरं. हा क्रम चुकला. तो माझ्याकडून चुकला. त्याचा राग मी कोणावर काढू ते मला कळत नाही, म्हणून सध्या सगळ्यांवर आहे.

त्याच्या जागी दोघी आल्यात. एकाला काढून दोघी, म्हणजे पैसे होते.

दादाच्या गटात आणखी पाच जण होते. मी त्यांच्या घरच्यांना विचारलं. चौघांनी तशाच कोऱ्या तक्त्यांवर सह्या केल्या आहेत. एकीने तर अंगठा दिलाय, बारा वेळा. त्यांच्या माणसांच्या फाइलवर ती ओळ अजून आहे. तिघं तक्रार द्यायला तयार आहेत, पण त्यांना लिहिता येत नाही आणि भीती वाटते. मसुदे तुम्ही करा. तुमच्या कचेरीच्या भाषेत, जिथे समोरच्याला पळायला फट राहत नाही. चौकटी भरल्याशिवाय कोणाची सही घेऊ नका.

तुमच्या १९ एप्रिलच्या पत्राबद्दल. मी ते फाडलं नाही. मी कागद फाडत नाही. पण ते मी विसरलेलोही नाही आणि माफ केलंय असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुम्ही समितीसमोर जे बोललात ते मला दाराशी थांबलेल्या खुर्चीवाल्या मावशींनी आधीच सांगितलं होतं. तेही विसरलेलो नाही. दोन्ही नोंदी वहीत समोरासमोरच्या पानांवर आहेत.

आज शनिवार, तक्त्याचा दिवस. नवी थेरपिस्ट चौकटी भरत होती. गुरुवारी दादाला ताप होता, पन्नासच मिनिटं झाली. तिने सवयीने ९० लिहायला घेतलं आणि विचारलं, "गुरुवारी पूर्ण झाला ना हो सराव?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग पेनाकडे. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"नाही," तो म्हणाला.

तिने पेन खाली ठेवलं. मी उठून बाहेर गेलो, नळावर तोंड धुतलं आणि परत आलो. मग लगेच तपासलं, कारण एकदा आलेल्या शब्दाचा भरवसा नसतो. "तू हत्ती आहेस का?" नाही. "तू लिफ्ट दुरुस्त करतोस का?" नाही. "मी मुन्शी आहे का?" बरोबर. दहा प्रश्न विचारले, सहांची उत्तरं खरी आली. नुसत्या अंदाजाने पाच येतात, हे मला माहीत आहे. पण ते सहावं मी कोणाला देणार नाही.

बाइंडिंगच्या मालकाने जागा दुसऱ्याला दिली. आईला हे शेवटचं सांगू नका. दादाचं सांगा.

हिशेब:

बारा आठवड्यांत द्यायची मिनिटं: ६४८०
त्या बारा आठवड्यांत दिलेली: १३८५
तेव्हाची बाकी: ५०९५
५ मे ते आज, छत्तीस दिवसांत दिलेली: २८८०
गुरुवार धरून आजची बाकी: २२१५

वरील मिनिटं माझ्यासमोर मोजली. चौकटी भरल्यावर सही केली आहे.

मुन्शी,
पलंग नंबर नऊच्या रुग्णाचा भाऊ